गिटारीचं बाळंतपण

आमच्या गिटारीत बरोबर दोन पायल्या तूर मावते. मला पक्कं माहीत आहे, कारण अकरा वर्षं मीच ती भरत होते.

हे ऐकलं की शहरातले लोक हसतात. हसू द्या. मी दुसरी शिकलेली बाई. (तिसरीत नाव घातलं होतं, पण त्या वर्षी म्हैस व्याली आणि शाळा राहून गेली.) गिटारीत काय ठेवतात ते मला कोण सांगणार? आतून पोकळ लाकूड, चहूबाजूंनी बंद, मधोमध हात जाईल एवढं गोल तोंड. बियाणं ठेवायलाच बनवलीय असं कोणीही म्हणेल!

गिटार आमच्या ह्यांची. हे मिशनच्या दवाखान्यात माळी होते. तिथली एक म्हातारी नर्स नोकरी संपवून गावी चालली, तिनं जाताना ह्यांना दिली. तेव्हाच ती जुनी होती, नर्सच्या बापाची. ह्यांना शिकवणारं कोणी नव्हतं. गुलाबांना पाणी घालायच्या वेळी हे झाडाखाली बसायचे आणि टुंग टुंग करायचे. सहा महिन्यांत अर्धे गुलाब वाळले, पण ह्यांना एक गाणं आलं. नाताळचं. तेच गाणं पुढे दर नाताळला चर्चमध्ये वाजवायचे. मधे एका ठिकाणी चुकायचे. दरवर्षी तिथंच! शेवटी शेवटी सगळं चर्चच त्या जागी चुकीचं गायला लागलं, म्हणजे ह्यांना वाईट वाटायला नको.

हे गेले ते भर पावसाळ्यात. मुलगा सुरेश गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, उचल फिटली नाही म्हणून पावसाळ्यातही तिकडेच अडकलेला. घरात मी, सून आणि नात सोनल, ती तेव्हा आठ वर्षांची. त्यात उंदरांनी कणगी फोडली. बियाणाची तूर उरली दोन पायल्या. ठेवायची कशात? पत्र्याचे डबे, पितळेचा हंडा, सगळं ह्यांच्या औषधपाण्यात गेलेलं. मी खाटेवर बसून वर बघत होते. (रडत नव्हते. वर बघत होते.) तर आढ्याला गिटार टांगलेली.

मी तिला म्हटलं, "मालक तर गेला. आता तू तरी कामाला लाग."

राख मिसळली, लिंबाचा पाला घातला, तूर भरली, तोंड शेणमातीनं लिंपलं. दोरीला मधे नारळाची करवंटी ओवली, म्हणजे उंदीर उतरला की घसरतो. पुऱ्या पावसाळ्यात उंदीर आढ्यावर बसून गिटारीकडे बघत होते! पुढच्या वर्षी दाणा न् दाणा उगवला. त्या तुरीवर आम्ही परत उभे राहिलो. मग काय, दरवर्षी तिच्यातच भरायला लागले. ताराही वाया जाऊ दिल्या नाहीत. चार तोंडल्याच्या मांडवाला बांधल्या, एक कपडे वाळत घालायला, आणि सगळ्यात बारीक होती तिनं साबणाची वडी फार छान कापली जाते.

यंदा दिवाळीला सोनल घरी आली. ती आता नंदुरबारला नर्सिंग शिकते. होस्टेलमधल्या मैत्रिणीकडून गिटार वाजवायला शिकलीय. मला म्हणाली, "आजी, यंदा नाताळला मी चर्चमध्ये आजोबांचं गाणं वाजवणार. त्यांच्याच गिटारीवर. कुठे आहे ती?"

मी भाकरी थापायला घेतली.

"आजी?"

"आहे की. वर आहे. पण आत्ता मोकळी नाही."

पोरगी शिडी लावून चढली. खाली आली तेव्हा गिटार छातीशी धरलेली, केसांत जाळं, आणि चेहरा असा की मी चुलीकडे तोंड फिरवलं.

"आजी, हे काय भरलंय?"

"तूर."

"गिटारीत?"

"मग काय कढईत ठेवू वर्षभर?"

पोरगी हसली नाही. चिडलीपण नाही. शेणानं लिंपलेल्या तोंडावर बोट फिरवत बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, मला आजोबांचा चेहरा नीट आठवत नाही गं. हिचा आवाज आठवतो."

आता सांगा! शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मलाही काय तो आवाज आठवत नव्हता? अकरा वर्षं मी त्याच्या तोंडात शेण घालून बसले होते!

दुसऱ्या दिवशी सुरेश, सोनल आणि मी काळीपिवळी जीपमध्ये बसून नवापूरला गेलो. तिथं मगनभाई म्हणून एक म्हातारे कारागीर आहेत. पेटी, ढोलकी, जे काय वाजतं ते सगळं दुरुस्त करतात. दुकान एवढंसं, पण एकही हत्यार जागा सोडून नाही. मला ते बघूनच बरं वाटलं.

सुरेश म्हणाला, "आई, तू कशाला आलीस? काम तिचं."

"माझी तूर आहे आत," मी म्हटलं.

मगनभाईंनी आधी गिटारीला नमस्कार केला. मग कानाशी धरून हलवली. खळ्ळ्!

"आ सुं छे? आत काय हाय?"

सोनल माझ्याकडे बघते, सुरेश रस्त्याकडे.

"तूर," मी म्हटलं. "जरा जपून काढा. बियाणाची आहे."

मगनभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरीपण मी तीच. मग त्यांनी ओल्या फडक्यानं शेणमाती भिजवली, लाकडाच्या पातळ पट्टीनं पापुद्रा पापुद्रा सोडवली. तूर परातीत ओतली. बोटाच्या पेरानं गिटारीच्या पाठीवर टकटक केलं आणि मान वाकडी करून ऐकत बसले. मी बाजारात मडकं घेते ते असंच वाजवून घेते. मनात म्हटलं, या माणसाला काम येतं.

"मासी," ते म्हणाले, "एक वात सांगू? एवढी जुनी गिटार माझ्याकडे येते तेव्हा आतून भुंग्यानं खाल्लेली असते. ही साफ हाय. तुमच्या राखेनं आन् लिंबानं लाकूड वाचवलं."

मी सोनलकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. (पण चांगलं लांब पाहिलं.)

"पण वजनानं पोट सुटलंय हिचं," मगनभाई म्हणाले. "वरची फळी फुगली, आतल्या पट्ट्या निसटल्या, मान पण वाकली."

आता सोनलनं माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी आत छोटा आरसा घातला, बॅटरी लावली आणि एकदम थांबले. "हे कोणी केलं?" आम्ही वाकून बघितलं. आत एका चिरेवर बांबूची बारीक कामटी बसवलेली, धावड्याच्या डिंकानं. ह्यांचं काम! एका वर्षी नाताळच्या तोंडावर गिटार चिरली होती, तेव्हा हे दोन दिवस जेवायला उठले नव्हते, ते मला आठवलं.

"हे मी काढणार नाय," मगनभाई म्हणाले. "कारागीर नव्हता माणूस, पण हात प्रेमाचा होता. ऱ्हाऊ द्या."

मी पदरानं तोंड पुसलं. दुकानात धूळ फार होती.

सव्वा महिना त्यांनी ती ठेवली. वाफ देऊन मान सरळ केली. एकेक पट्टी सरसानं परत चिकटवली. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा डिंक, पाण्यावर ठेवून गरम करतात. नव्या तारा, तारा टेकतात तिथं हाडाची नवी पट्टी. वर रंग फासला नाही, जुनंच लाकूड घासून घासून चमकवलं. आणायला गेलो तेव्हा मला ती ओळखूच आली नाही. मागचं शिसम असं की तोंड बघावं त्यात!

मगनभाईंनी एक तार छेडली.

रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याचा राग आला एवढंच आठवतं.

निघताना मगनभाई म्हणाले, "हाडं नवीन बसवलीयत. थंडीचे दिवस हाय. दमट हवा लागू देऊ नका. असं समजा, घरात बाळंतीण हाय. तशी सांभाळा."

इथं त्यांची चूक झाली. मी पंचवीस वर्षं गावातली दाई होते! मिशनच्या दवाखान्यातल्या मोठ्या बाईंकडून ट्रेनिंगही घेतलं होतं. गिटारीतलं मला काही कळत नाही, पण बाळंतीण सांभाळायची म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.

सोनल दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती, ती वाजवून परत होस्टेलला गेली. जाताना बजावलं, "आजी, नाताळच्या दोन दिवस आधी येते मी. तोपर्यंत हिला हात लावू नकोस. आणि तूर तर अजिबात नको!"

"नाही गं बाई," मी म्हटलं. आणि तूर मी घातली नाही. एवढा शब्द पाळला.

पण त्या आठवड्यात थंडी पडली ती अशी की सकाळी कौलांवरून दव टपटप गळायचं. मी हळूच एक तार वाजवून पाहिली. बद्द! आवाज बसलेला. दुसऱ्या दिवशी आणखी बद्द. अकरा वर्षांनी परत आलेला आवाज, आणि माझ्याच घरात बसला! सोनल येईल तेव्हा काय सांगू?

सुरेश म्हणाला, "आई, मगनभाईंना विचारू का?"

"त्यांनी सांगितलंय ना काय करायचं. तू शेतातल्या उसाकडे बघ."

मी कामाला लागले. आधी डोळीचं तेल कोमट करून पाठीला चोळलं. (मोहाच्या बियांचं तेल. कंबरदुखीला ह्याच्यासारखं दुसरं नाही.) वरच्या टोकाला खुंट्या असतात तिथं ह्यांचा मफलर गुंडाळला, कारण वारा कानातूनच शिरतो. मग खाटेवर गोधडी टाकून तिला निजवलं, वरून दुसरी गोधडी. खाटेखाली घमेल्यात निखारे. त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. दार लावलं, खिडकी लावली. दिवसातून दोनदा शेक-धुरी. पहिल्या दिवशी तार वाजवली तर आवाज जरा मोकळा वाटला! मी म्हटलं, बघा, जुनं ते जुनं. निखारे वाढवले.

आता ओवा-शेपाची धुरी दाईच्या घरातून निघाली की गावाला एकच गोष्ट कळते. शेजारची कमलबाई दारात हजर. ती माहेरची शहाद्याकडची, बोलणं अजून तिकडचंच.

"काय व दाई, कोन बाळंत व्हयनी?"

"कोणी नाही. गिटारीला शेक देतेय."

कमलबाई माझ्याकडे बघत राहिली. "मन्ही चेष्टा करस का?"

"चेष्टा कशाला? खरंच गिटार आहे."

तिनं इकडेतिकडे बघितलं, जवळ आली, माझा हात धरला. "दाई, माले सांग. लपाडानं काय काम शे? पोर आपली शे. चुकनी ते चुकनी. आपलीच राही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, तिला काय वाटतंय ते! सून तर रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, मग घरात तरणी नात एकच, सोनल.

"अगं बये! सोनल नंदुरबारला आहे!"

"हाव, हाव. नंदुरबारलेच शे," कमलबाई मान हलवत म्हणाली आणि डोळे पुसत गेली. आजवर मी कितीतरी खोटं बोलले असेन, सगळं लोकांना पटलं. आयुष्यात एकदा अक्षर न् अक्षर खरं बोलले, तर ही गत!

दुपारी कमलबाई परत आली. बरोबर आणखी तीन बाया. हातात डिंकमेथीचे लाडू, एक झबलं, एक टोपडं. मला बोलायला आल्या असतील म्हणून मी कंबर कसून उभी राहिले. तर तसं काही नाही. एक म्हणते, "आम्ही आहोत." दुसरी म्हणते, "पाळकसाहेबांना आम्ही समजावू." तिसरीनं तर नावही काढून आणलं होतं पोराचं! मला हसावं की रडावं कळेना. माझ्या माणसाच्या मयतीला ह्याच बाया अशाच उभ्या होत्या.

"पोर देखाड आते," कमलबाई म्हणाली.

"बघा," मी म्हटलं आणि वरची गोधडी काढली.

मफलर बांधलेली, तेलानं चकाकणारी गिटार. ओव्याचा धूर. एकीनं टोपडं पाठीमागे लपवलं.

आणि तेवढ्यात दार उघडलं. पाठीवर बॅग, नुकतीच बसमधून उतरलेली सोनल! "आजी, हे काय..."

फट्टाक्!!

पोटावर तारा जिथं बांधतात ती लाकडी पट्टी उडाली. सरळ जाऊन लाडवांच्या डब्यावर आदळली. डबा खाली, लाडू खाटेखाली, दोन निखाऱ्यात. सहा तारा हवेत नागासारख्या हलत होत्या. कमलबाई "व माय व!" करत माझ्या गळ्यात.

मेथी जळायचा वास आणि त्या वासात सोनल उभी. बॅगसुद्धा उतरवली नाही तिनं. पट्टी उचलली, हातात धरून बसली. रडली नाही. माझीच नात ती, वर बघत बसली. ते मला जास्त लागलं.

सकाळी पहिल्या गाडीनं मी एकटीच निघाले. गिटार गोधडीत बांधून मांडीवर. सोनलला म्हटलं, तू येऊ नको, ऐकून घ्यायचं ते मी घेते. मगनभाईंनी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर.

"मासी! बाळंतीण कशी हाय?"

मी सगळं सांगितलं. तेल, मफलर, निखारे, ओवा, शेपा. काही लपवलं नाही. मगनभाईंनी गिटारीचा वास घेतला. मग भिंतीला टेकले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मी पण पदर लावला डोळ्यांना. तर माणूस हसत होता! हसून हसून खोकला आला, मला पाणी द्यावं लागलं.

"मासी, चाळीस वर्षं मी गिऱ्हाईकांना हेच सांगतो. आजवर एकानं पण ऐकलं नाय. तुम्ही पहिल्या!" मग जरा गंभीर झाले. "सरस गरम झाला की सुटतो. ते मी सांगायला पाहिजे होतं. पण सुटला ते पण चांगलं, लाकूड नाय फाटलं. कडक गोंद असता तर फळीच गेली असती."

"उद्या सकाळी दहाला चर्च आहे," मी म्हटलं.

"चिकटवल्यावर एक दिवस हात नाय लावायचा."

"मग?"

त्यांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं. "सरस ढवळता येतो?"

मला! मी जन्मभर नागलीची आंबील ढवळली, कधी तळाला लागू दिली नाही. मी ढवळत बसले, ते जुना सरस खरवडत बसले. तेल काढायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. दर पाच मिनिटांनी "डोळीचं तेल!" म्हणून मान हलवत होते. पट्टी बसवली, लाकडी शिकंजे आवळले. "तुम्ही जा," म्हणाले. "मी घेऊन येतो. तुमच्या हातात आता देणार नाय."

नाताळच्या सकाळी सगळं चर्च भरलेलं. दहा वाजले. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली. मगनभाई नाहीत. सोनल पुढच्या बाकावर, रिकामे हात मांडीवर. मी देवाला म्हटलं, माझ्यामुळं पोरीला शिक्षा नको, मला काय करायचं ते कर, माझे गुडघे आधीच गेलेत. आणखी एक प्रार्थना झाली. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. मगनभाई, पाठीवर गोधडीचं गाठोडं, हळू चालत आले, जसं काही तान्हं पोरच आणतायत.

सोनलनं वाजवायला सुरुवात केली.

तोच आवाज. मी डोळे मिटले. हे पुढे उभे आहेत असं वाटलं, ढगळ कोट, नखात माती. आणि ती जागा आली, हे चुकायचे ती. सोनलनं बरोबर वाजवलं. पण म्हाताऱ्या बाया सगळ्या सवयीनं चुकीचंच गायल्या! सोनलनं दचकून पाहिलं, हसली, आणि पुढच्या कडव्याला तीही तिथं चुकली. मुद्दाम.

एवढ्यात मला ऐकू आलं. टिक्. टिक्. टिक्-टिक्. गाण्याच्या तालात, गिटारीच्या पोटातून. ह्यांच्या कामटीमागे एक तुरीचा दाणा अडकून राहिला होता, तो शेकानं सुटला असणार. सोनलनं माझ्याकडे पाहिलं. मगनभाईंनी पाहिलं. मी येशूच्या चित्राकडे बघत होते.

गाणं संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "सोनल, तो मधला टिक्-टिक् ताल फार गोड होता. कुठे शिकलीस?"

"घरीच," सोनल म्हणाली. "आजीकडून."

मगनभाईंना पोचवायला मी बाहेर आले. पुढे कानावर आलं, गिऱ्हाईकांना बाळंतिणीचं सांगणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. फक्त सांगायच्या आधी आता विचारून घेतात, "घरात दाई तर नाय ना?"